घोड्यांमागचे बैल

रामनवमीच्या यात्रेत आम्ही पाच-सहा माजी सैनिक पोहरादेवीच्या रस्त्याला पाण्याचे ड्रम मांडून बसतो. दिवस उन्हाळ्याचे. तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसांनी भरलेल्या गाड्या येतात. लेकरं घशाला कोरड पडून रडत असतात. गेल्या खेपेला एका म्हातारीने पाणी पिऊन ग्लास परत देताना माझ्या टोपीवरचा बिल्ला पाहिला आणि विचारलं, "बापू, फौजेत होतास? किती दुश्मन मारलेस?"

मी म्हणालो, "एकही नाही याडी. मी गाडी चालवत होतो. पीठ, डाळ, रॉकेल वर पोचवायचो."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे लदेणीच केलीस की."

सतरा वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत एएससीत, काढली. बंगळूरला ट्रेनिंग झालं तेव्हा कोअरचं ब्रीद पाठ करून घेतलं होतं: सेवा अस्माकं धर्मः. पण माझ्या नोकरीचं खरं नाव मला त्या म्हातारीने सांगितलं. तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो आणि जुन्या माणसांना विचारत गेलो.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून केलेली वाहतूक. आम्हा बंजाऱ्यांचा हा पिढीजात धंदा. समुद्राकाठचं मीठ आत आणायचं, आतलं धान्य तिकडे न्यायचं. लमाण हे आमचं दुसरं नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून आलं असं आमचे लोक सांगतात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या, आणि त्या गोण्यांचं तरट तांड्यातल्या, म्हणजे काफिल्यातल्या, बायकांनी विणलेलं. दिवसाला तीन-चार कोस चालायचं, कारण बैल चरत चरतच पुढे जायचे. चाऱ्याचा खर्च नाही, म्हणून भाडंही कमी. संध्याकाळी गोण्यांची थप्पी लावून भिंत उभी करायची, भोवती बैल बांधायचे आणि कुत्री मोकळी सोडायची. १६३२ साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला वाटेत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. सगळ्या बैलांवर धान्य होतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएनेही असे तांडे पाहिले. एक तांडा ओलांडून जायला वाट सापडत नसे, दोन-दोन दिवस थांबावं लागे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मी झोजिलाच्या पायथ्याशी ट्रकच्या रांगेत रात्र रात्र काढली आहे, तेव्हा त्याचा जीव कसा कंटाळला असेल ते मला कळतं.

आता फौजेचं. त्या काळच्या लष्कराजवळ स्वतःचं रसदखातं असं फारसं नव्हतं. फौजेबरोबर बाजार चालायचा. मराठीत बाजारबुणगे हा शब्द हेटाळणीने वापरतात, पण त्या बाजारातल्या वाण्याच्या दुकानात पीठ नसेल तर सरदाराच्या तलवारीचा उपयोग काय? आणि त्या वाण्याला तरी धान्य कुठून मिळणार? भोवतालचा मुलूख पहिल्या आठवड्यातच खाऊन फस्त झालेला. तेव्हा शंभर-दोनशे कोसांवरून, जिथे पीक बरं आलंय तिथून, धान्य विकत घेऊन छावणीपर्यंत आणणारा एकच माणूस होता, तांड्याचा नायक. तो नोकर नव्हता. स्वतःचे बैल, स्वतःचं भांडवल, स्वतःची जोखीम. म्हणूनच दोन्ही बाजूंचे सेनापती त्याला दुखवायला कचरत. आज इकडे धान्य देणारा उद्या तिकडे देऊ शकत होता. याला कोणी निष्ठा नसणं म्हणेल. मी म्हणणार नाही. नायकाची निष्ठा तांड्याशी होती, आणि तांडा कोणत्याच राजाचा नव्हता.

आमच्या भाटांच्या तोंडी जंगी आणि भंगी या दोन राठोड नायकांचं नाव कायम असतं. इंग्रजी अमदानीत वणी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या यवतमाळकडे, कंबरलेज नावाचा एक अधिकारी होता. त्याने तांड्यांतून ऐकलेली हकिकत लिहून काढली. १६३० च्या सुमारास शाहजहानचा वजीर आसफखान विजापूरवर निघाला तेव्हा या दोघांचे एक लाख ऐंशी हजार बैल, आणि भगवानदास वडत्याचे बावन्न हजार, त्याच्या फौजेबरोबर होते, असं त्यात आहे. आकडे भाटांचे आहेत, मोजून घेतलेले नाहीत. पण पुढची गोष्ट आमच्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असते. आसफखानाने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला. रांजणातलं पाणी घ्या, छपराचं गवत बैलांना घाला, दिवसाला तीन खून माफ. जिथे आसफखानाचे घोडे उभे राहतील तिथे तुमचे बैल उभे राहतील, असा त्याचा आशय.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना छाती फुगायची. आता छपराच्या गवतापाशी अडखळतो. ज्या कुणब्याचं छप्पर उतरवून बैलांना घातलं, त्याची लेकरं त्या पावसात कुठे बसली असतील? आणि खुनाची माफी हा काही सन्मान नव्हे, ती बादशाहाची गरज होती. मला त्या ताम्रपटातलं शेवटचं कलम तेवढं जपून ठेवावंसं वाटतं. घोड्यांच्या जागी बैलांनाही जागा. फौजेच्या मालकाने ओझं वाहणाऱ्याला लढणाऱ्याच्या शेजारी उभं केलं, असे दाखले इतिहासात फार सापडत नाहीत.

बैल नसले की काय होतं ते लॉर्ड कॉर्नवॉलिसला १७९१ च्या मे महिन्यात कळलं. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणासमोर तो उभा होता, पण बैल मेले, धान्य संपलं, आणि किल्ला फोडायला आणलेल्या अवजड तोफा स्वतःच नासवून त्याला माघारी फिरावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. त्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होतं. त्यावर गोऱ्या शिपायांनी जीव धरला. मग इंग्रजांनी बंजाऱ्यांना गोळा करण्याचा सपाटा लावला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ते पोटभर खाऊन पुन्हा त्याच किल्ल्यासमोर आले.

१८०३ साली तर इंग्रज-मराठ्यांची लढाई आमच्या दारातच आली. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. त्यातच वऱ्हाड-दख्खनात दुष्काळ. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या पत्रांत बंजाऱ्यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हे लोक शांततेच्या काळात जसा व्यापार करतात तसाच फौजेबरोबर राहूनही करतात, असं त्याने नोंदवलं आहे. त्याच्या सैन्यात कोणती पलटण कुठे होती ते पुस्तकांत पानोपानी सापडतं. पण दुष्काळी मुलखातून धान्य आणणाऱ्या एकाही नायकाचं नाव मला त्या लढायांच्या वर्णनात मिळालं नाही.

आमचे संत सेवालाल महाराज तेव्हा हयात होते. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा, आजच्या आंध्रातल्या गुत्तीच्या बाजूला, भीमा नाईकांच्या तांड्यात. देहावसान १८०६ साली रुईगडला, आणि समाधी इथे पोहरादेवीला. म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य दख्खनच्या लढायांच्या धामधुमीत गेलं. मराठे, निजाम, हैदर, टिपू, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा ज्या वाटांनी गेल्या त्याच वाटांनी त्यांचे बैल गेले. अशा काळात ज्याच्याजवळ गोणीभर धान्य आहे त्याला हवा तेवढा भाव मिळतो. खोटं बोलू नका, चोरी करू नका, व्यसन करू नका हा त्यांचा उपदेश आपण आज भोग लावताना ऐकतो तेव्हा तो देवळातला वाटतो. मला तो वाटेवरचा वाटतो. लढाईच्या दिवसांत धान्य वाहणाऱ्याच्या हातून काय काय होऊ शकतं हे डोळ्यांनी पाहिलेल्या नायकाचा तो उपदेश आहे.

लखीशाह बंजाऱ्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. दिल्लीतला हा मोठा व्यापारी. १६७५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या हुकुमाने गुरू तेगबहादुरांचा चांदनी चौकात शिरच्छेद झाला. धड उचलायची कोणाची छाती नव्हती. लखीशाह आपल्या गाड्यांचा काफिला घेऊन तिथून गेला, धड गाडीत लपवून रायसीन्याला घरी नेलं, आणि उघड चिता रचता येत नव्हती म्हणून घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केला. आज तिथे रकाबगंज गुरुद्वारा आहे आणि आवारातल्या सभागृहाला त्याचं नाव आहे. दिल्लीत ड्यूटी लागली तेव्हा मी तिथे जाऊन आलो. जोडे काढून बराच वेळ बसलो. ओझं वाहणाऱ्या माणसाने वाहिलेलं सर्वांत जड ओझं तेच असणार.

लदेणी संपली ती आगगाडीने. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले आणि चौदा हजार बैलांचं काम एक इंजिन करू लागलं. बैल विकले गेले, तांडे पुसद, दिग्रस, मानोऱ्याच्या माळांवर बसले. काही मिळेना तेव्हा गवत कापलं, मोळ्या विकल्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का अनेक ठिकाणी आमच्यावरही बसला आणि तो पुसला जायला १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. ज्यांच्या गोण्यांवर फौजा जगल्या त्यांनी पोलिसात हजेरी द्यायची. याचा राग मला अजून येतो आणि तो मी लपवत नाही.

गहुलीच्या तांड्यातला मुलगा, वसंतराव नाईक, १९६३ साली राज्याचा मुख्यमंत्री झाला. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांच्या वेळी तेच त्या खुर्चीवर होते. जय जवान जय किसान ही शास्त्रीजींची हाक होती तेव्हा महाराष्ट्राला धान्यात स्वयंपूर्ण करण्याचा हट्ट त्यांनी धरला. मला त्यात जुन्या नायकाची सवय दिसते. आधी गोण्या भरा, मग फौजेचं बोला.

आता माझ्या घरचं. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या युद्धात, मी श्रीनगर-कारगिल रस्त्यावर होतो. तोलोलिंगच्या शिखरावर शत्रू बसला होता आणि खालचा रस्ता त्याला दिसत होता, म्हणून द्रासजवळून आम्ही रात्री, दिवे मालवून जायचो. पुढच्या गाडीचा आवाज ऐकायचा आणि स्टिअरिंग धरायचं. मागे पिठाची पोती किंवा दारूगोळा. इकडे मृग लागला होता आणि वडील अंथरुणाला खिळले होते. सात एकर कोरडवाहू रान, घरी आई आणि बायको. पेरणी झाली नाही तर वर्ष गेलं.

आमच्या भागात सावड असते. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. इरजिकही असते, सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायचं आणि त्याने जेवण घालायचं. माझ्या घरी त्या वर्षी परतफेड करायला माणूस नव्हता. आमच्या तांड्याच्या नायकाने संध्याकाळी लोक बसवले आणि कारभाऱ्याने नावं घेतली. दोन दिवसांत बाजूच्या तांड्यातल्या बैलजोड्याही आल्या. नऊ जोड्या. तीन दिवसांत कपाशी आणि तूर पेरून झाली. आई जेवणाला दाळ-बाटी करायला निघाली तर त्यांनी करू दिली नाही, आपापली शिदोरी आणली. पत्र मला ऑगस्टमध्ये मिळालं. बायकोने एवढंच लिहिलं होतं की तूर वितभर झाली आहे, इकडची काळजी करू नका. मी ते पत्र ट्रकच्या सावलीत बसून वाचलं आणि बाजूच्या पोरांपासून तोंड लपवलं.

फौजींना मान देण्याच्या रीती पुष्कळ आहेत. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत असताना मीही डबा घेऊन फिरलो आहे. हल्ली निवृत्त जवानाची नगारा वाजवत मिरवणूक निघते, माझीही निघाली. त्या दिवशी गर्दीत मी त्या नऊ जोड्यांच्या मालकांना शोधत होतो. चौघे भेटले.

इंग्रजी अमदानीतल्या एका नोंदीत आमच्या एका रीतीबद्दल लिहिलं आहे. तांड्यात हटाडिया नावाचा एक बैल असे, बालाजीला सोडलेला. त्याच्यावर कधी ओझं लादत नसत. लाल रेशमाच्या फिती, घंटा आणि कवड्यांनी त्याला सजवलेलं असे आणि माणूस आजारी पडला की त्याच्यापुढे हात जोडत. ते वाचताना मला आमच्या एएससीची पेडोंगी आठवली. ही एक खेचर. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती सापडली आणि पाठीवर मशीनगन, दारूगोळा तसाच घेऊन डोंगर ओलांडून आपल्या हद्दीत परत आली. १९८७ साली कोअरच्या कार्यक्रमात तिच्या पाठीवर निळी मखमली झूल घातली. बंगळूरला जुने उस्ताद तिची गोष्ट सांगायचे तेव्हा आवाज खाली यायचा. एखाद्या ओझं वाहणाऱ्या जनावराचं ओझं उतरवून, त्याला सजवून, त्याच्यापुढे उभं राहायचं, हे आमच्या आज्या-पणज्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला नंगारा वस्तुसंग्रहालय उघडलं. तेरा दालनं आहेत. नातवाला घेऊन गेलो होतो. त्याने विचारलं, आपल्या घरी बैल का नाहीत? सांगितलं, मी परत आलो त्याच्या आधीच विकले.

सध्या आमच्या तांड्यातली तीन पोरं फौजेत आहेत. कारभाऱ्याच्या वहीत त्यांच्या रानांची पानं वेगळी आहेत. मृगाच्या आधी कोण नांगरणार, पेरायला कोण, निंदायला कोणाच्या घरच्या बाया, असं नावासकट लिहिलेलं असतं. माझ्याकडे जोडी नाही, म्हणून ट्रॅक्टरचं डिझेल माझ्या नावावर. यंदा तिसऱ्या पोराच्या रानात विहिरीकडचा तुकडा दगडाचा निघाला आहे. तिथे ट्रॅक्टर जात नाही. बैलजोडी मागायला बाजूच्या तांड्यात मी उद्या सकाळी जाणार आहे.