तळटीप : उत्प्रेरक

१७. उत्प्रेरक : अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबवताना एक किलो अल्कोहोलमागे जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचा एक रेणू आणि हायड्रोजनचे चार रेणू यांपासून मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू बनतात. हे निकेलवर घडवता येते, असे पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये सहकाऱ्यासह दाखवले. धातूंवरील हायड्रोजनीकरणासाठी साबात्ये यांना १९१२ चे नोबेल मिळाले. उत्प्रेरक घडवताना खरी मेख पकडीची. धातूने रेणू सैल धरला तर तो तुटत नाही, फार घट्ट धरला तर सुटत नाही. रुथेनियम कमी तापमानालाही चालतो, पण महाग पडतो. म्हणून ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारावर निकेलचे अतिसूक्ष्म कण पसरवतात. अभिक्रियेत बरीच उष्णता सुटते. तिने हे कण एकमेकांना चिकटतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. गंधकाची संयुगेही निकेलला निकामी करतात, त्यामुळे वायू आधी शुद्ध करावा लागतो. हायड्रोजनच नैसर्गिक वायूपासून मिळवला, तर मात्र या खटाटोपाला अर्थ उरत नाही. — संपा.