खापरी नळांचा हिशेब

निजामशाहीने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर शहरात कापूरवाडी-शेंडीकडचं पाणी आणलं ते खापरी नळांनी. भाजलेल्या मातीचे तुकडे एकात एक बसवायचे, भोवती चुन्याचं बांधकाम. पंप नाही, नुसता उतार.

घर्षणाने दाब किती घटतो याचं सूत्र आम्ही कॉलेजात घोकलं, ते वाइसबाखचं, 1845 मधलं. प्रवाह तेवढाच ठेवून नळाचा व्यास निम्मा केला, तर घट साधारण 32 पट होते. सांधे, वळणं आपला वाटा वेगळा घेतात. मातीच्या नळात तर सांधेच सांधे!

‘पूर्वजांना हे सूत्र ठाऊक होतं’ हे मला पटत नाही. गरजही नव्हती, पुरेसा उतार आणि रुंद नळ ठेवला की भागतं. पण साका धरला की व्यास घटतो, म्हणून साफसफाई चुकत नाही. निजामशाही 1636 मध्ये बुडाली. नळ इंग्रजी अमदानीतही वापरात होते.