प्रायश्चित्त आणि शांत

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार समस्त ग्रामस्थ व दानशूर देणगीदार यांच्या सहकार्याने पूर्ण झाला. प्रतिष्ठेच्या पहिल्या दिवशी, जलाधिवासाच्याही आधी, यजमान दांपत्याने प्रायश्चित्ताचा संकल्प सोडला. तेव्हा मंडपात पुष्कळांनी विचारले, की एवढे पुण्यकर्म करणाऱ्यांनी पाप ते कोणते केले? त्या शंकेपुरते हे चार शब्द.

‘प्रायस्’ म्हणजे तप व ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी या शब्दाची फोड जुने शास्त्रकार करतात. (शेवटी जोड ‘त्त’ आहे, कचेरीत येणाऱ्या अर्जांत तो हटकून गळतो.) याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच विषयाचा आहे.

शांत निराळी. मूळ नक्षत्रावर मूल जन्मले की शांत, नवे घर बांधले की वास्तुशांत. तेथे कोणाचा अपराध नसतो. ग्रहाला किंवा जागेला संतुष्ट करावयाचे असते. प्रायश्चित्ताला मात्र कर्ता लागतो. जाणता-अजाणता घडलेले दोष त्याने आपले म्हणून उच्चारावे लागतात. देवाला हात लावण्यापूर्वी यजमानाने शुद्ध व्हावे, एवढाच पहिल्या दिवसाचा हेतू.

मूळचे प्रायश्चित्त सोपे नव्हते. प्राजापत्य कृच्छ्र १२ दिवसांचे: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच आणि शेवटचे तीन दिवस कडकडीत उपवास. पुढे अशक्तांसाठी कृच्छ्राऐवजी गाय, व गाईऐवजी तिची किंमत द्यावी अशी सवलत निघाली. सवलत दुबळ्यांसाठी होती, वापरली धनवंतांनी, असे माझे मत आहे.

समाजाबाहेर गेलेल्याला परत घेण्याची वाटही हीच होती. औरंगजेबाने मुसलमान केलेले नेताजी पालकर १६७६ साली परत आले, तेव्हा शिवाजीमहाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देववून स्वधर्मात घेतले.

परंतु प्रत्येक कर्माला गाईची किंमत पुरत नसे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही, असे रामशास्त्री प्रभुणे यांनी तोंडावर सांगितल्याची हकीकत परंपरेने चालत आली आहे. दान, होम, तीर्थयात्रा यांतले काहीच त्यांनी पुढे केले नाही. शास्त्रीबोवांनी पद सोडले व ते पुण्याबाहेर निघून गेले. राघोबादादांचा अंमल संपल्यावर कारभाऱ्यांनी त्यांना मानाने परत बोलावून घेतले.