डब्यातला खाऊ आणि कोजागिरीचे चांदणे: वऱ्हाडच्या भुलाबाईची गोष्ट

१/
भिंतीवर पडदा लावायचा, घरातल्या सर्वांनी मिळून एक चित्रपट निवडायचा, त्याच्या कथेला साजेसा खाऊ करायचा आणि मध्यंतरात त्याच विषयावरचा खेळ मांडायचा. अशी घरगुती सिनेमा-रात्र आज शहरी कुटुंबांत रुजू लागली आहे. कल्पना नवी वाटते. परंतु कथा, खाऊ आणि खेळ एका सूत्रात ओवणारी संध्याकाळ अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या साजरी होत आली आहे. तिचे नाव भुलाबाई. आणि तिच्या यजमान असत घरातल्या लहान मुली.

२/
भाद्रपद पौर्णिमेला घरात भुलाबाई बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, तिची पाठवणी होते. भुलाबाई, भुलोजी आणि त्यांच्यासोबत बाळ गणपती, अशा मातीच्या रंगीत मूर्ती असतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. लोकमानसात मात्र ती देवी म्हणून कमी आणि महिनाभर माहेरपणाला आलेली लेक म्हणून अधिक ओळखीची आहे.

३/
या नावामागे एक लोककथा सांगितली जाते. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. डावामागून डाव हरत गेलेले शंकर रुसून निघून गेले. त्यांना परत आणण्यासाठी पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले. शंकर त्या रूपावर भुलले, म्हणून ते भुलोजी आणि ती भुलाबाई. उत्सवाच्या मुळाशी असलेल्या कथेतच एक खेळ आहे आणि त्या खेळात जिंकणारी स्त्री आहे, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४/
संध्याकाळ झाली की गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एका घरी जमत. मूर्तीसमोर फेर धरून किंवा बसून गाणी म्हटली जात. एका घरची गाणी संपली की मंडळी दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी. कथा एकच, प्रयोग मात्र घराघरांत फिरता. प्रेक्षक आणि कलावंत अशी विभागणी येथे नव्हती. जी ऐकायला आली, तिला पुढच्या कडव्यात सूर मिळवावाच लागे.

५/
गाणी संपल्यावर संध्याकाळचा सर्वांत उत्कंठेचा भाग येई: खाऊ ओळखणे. यजमान मुलगी झाकण घट्ट लावलेला डबा घेऊन मध्यभागी येते आणि तो कानाशी हलवून दाखवते. खुळखुळ आवाज आला तर फुटाणे, शेंगदाणे की मुरमुरे? जड आवाज आला तर लाडू की करंजी? मग प्रश्नांची सरबत्ती: गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? शेवटी ‘हरलो’ असे कबूल करेपर्यंत झाकण उघडत नसे.

६/
म्हणूनच यजमान घरात दिवसभर खलबते चालत. ओळखायला सोपा खाऊ ठेवणे म्हणजे नाचक्की. आवाज न करणारा मऊ पदार्थ निवडावा, की रोजचाच पदार्थ नव्या रूपात आणावा, यावर आई, आजी आणि मुलगी यांची चर्चा होई. या खेळात महाग पदार्थाला विशेष मोल नव्हते. काकडीच्या फोडी किंवा उकडलेल्या शेंगा ठेवणारे साधे घरही साऱ्या गल्लीला हरवू शकत असे. श्रीमंतीपेक्षा युक्तीला मान मिळण्याचे प्रसंग गावगाड्यात फार नव्हते. हा त्यांपैकी एक होता.

७/
महिन्याचा शेवट कोजागिरीला. त्या रात्री वऱ्हाडात ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे कणसांसह उभ्या ताटांचा, मांडव करून त्याखाली भुलाबाई-भुलोजींना बसवतात. शेतात उभे असलेले पीकच देवघराची सजावट होते. अनेक प्रकारच्या खिरापती मांडल्या जातात, घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळले जाते आणि आटवलेल्या दुधात चंद्र पाहून मग ते प्यायले जाते.

८/
कोजागिरीचे जागरण हे केवळ लोकांनी पाडलेले रूढीचे वळण नाही. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘कोजागर’ व्रताचे स्वतंत्र विवेचन येते. रात्री लक्ष्मी आणि इंद्राचे पूजन करावे, पोहे आणि नारळाचे पाणी देवाला अर्पण करून आप्तांसह सेवन करावे आणि फाशांचा खेळ खेळत जागे राहावे, असे ते विधान आहे. मध्यरात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते, ही त्यामागची श्रद्धा. ठरलेली कथा, ठरलेला खाऊ आणि ठरलेला खेळ, असा त्या रात्रीचा आराखडाच शास्त्रकारांनी लिहून ठेवला होता.

९/
आता भुलाबाईची लोककथा पुन्हा आठवावी. तेथेही सारीपाट, येथेही फासे. शास्त्रातले व्रत आणि मुलींचा खेळ एकाच पौर्णिमेला येऊन मिळतात. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला, हस्त नक्षत्राशी जोडलेला हादगा आणि खानदेशातली गुलाबाई ही याच कुळातली भावंडे आहेत. भोंडल्यात पाटावर हत्तीचे चित्र असते, वऱ्हाडात शिव-पार्वतीच्या मूर्ती असतात. दैवत आणि दिवस बदलतात. मुलींचा फेर, सासर-माहेरची गाणी आणि खिरापत ओळखणे मात्र सर्वत्र आढळते.

१०/
या गाण्यांचा विषय वारंवार सासर हाच का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. उत्तर मुलींच्या वयात आहे. १९२९ साली शारदा कायदा मंजूर झाला, तेव्हा मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले गेले, आणि तेवढ्यासाठीही समाजात मोठे वादंग झाले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ वर गेले. अर्थात त्यापूर्वीच्या काळात फेर धरणाऱ्या अनेक मुली लवकरच सासरी जाणार होत्या, काही तर सासरहून महिन्यापुरत्या परतलेल्या होत्या.

११/
एका प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला की त्याला फूल येऊ दे, मग कारली लागू दे, मग त्यांची भाजी होऊ दे. अटी संपतच नाहीत. मुली हे गाणे हसत, टाळ्या देत म्हणत. परंतु अटींच्या या साखळीत परवानगीविना घराबाहेर पाऊल टाकता न येणाऱ्या सुनेचे आयुष्य जसेच्या तसे उतरले आहे. जे मोठ्यांसमोर बोलता येत नव्हते, ते भुलाबाईसमोर गाता येत होते.

१२/
विसाव्या शतकात करमणुकीचे दुसरे साधन आले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला आणि हळूहळू चित्रपट जत्रांतल्या तंबूंपर्यंत पोहोचला. चित्रपट व्यवसायाने वऱ्हाडाची एक जुनी खूणही जपली आहे. ‘सी. पी. अँड बेरार’ हा प्रांत नकाशावरून गेला, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, तरीही चित्रपट वितरणाच्या परिभाषेत या भागाला आजही ‘सी. पी. बेरार’ असेच म्हणतात.

१३/
पुढे पडदा घरात आला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. ज्या घरी संच असे, तेथे शेजारीपाजारी जमत. कित्येक घरांत संचाला हार घालून उदबत्ती लावली जाई. एकत्र येणे टिकले होते. बदलली होती ती बसण्याची रीत. फेरात मुली एकमेकींकडे तोंड करून उभ्या असत. आता सर्वांची तोंडे एकाच दिशेला होती आणि यजमानाकडे लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

१४/
तरीही भुलाबाई मागे पडण्याचा सगळा दोष दूरदर्शनवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. मुलींच्या विवाहाचे वय वाढले, त्या शाळा-महाविद्यालयांत गेल्या, संध्याकाळी शिकवण्या आल्या. वऱ्हाडातल्या शेतांत ज्वारी घटली आणि सोयाबीन वाढले. त्याची काढणी नेमकी याच दिवसांत येते. ज्या दुःखातून ती गाणी जन्मली, ते बऱ्याच अंशी ओसरले असेल, तर गाण्यांच्या शांत होण्याबद्दल केवळ हळहळ कशी करावी?

१५/
हळहळ वाटावी अशी एक गोष्ट मात्र उरते. त्या महिनाभरात दहा-बारा वर्षांची मुलगी कार्यक्रम ठरवत होती, पाहुण्यांना बोलावत होती आणि साऱ्या गल्लीला कोड्यात टाकत होती. घरातला कोणताही मोठा निर्णय तिला विचारून होत नसे. पण डब्यात काय आहे, हे सांगण्याचा अधिकार तिच्या एकटीचा होता.

१६/
आज अमरावती-अकोल्यात काही घरांत आणि महिला मंडळांत भुलाबाई पुन्हा बसते. धांडे बाजारातून आणले जातात, गाणी मोबाइलवर पाहून म्हटली जातात. चित्रपटाच्या मध्यंतरात खाऊ वाटणाऱ्या घरांनाही यातून एक रीत सहज उचलता येईल: खाऊ झाकून आणावा, डबा घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हाती द्यावा, आणि सर्वांनी हार मानेपर्यंत झाकण उघडू नये.