पट न बघता दिलेला वजीर: अलेखाइनचा १९१६ चा गाजलेला डाव

टेबलांची लांब रांग, एका बाजूला बसलेले खेळाडू आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक पटावर एकेक खेळी करत पुढे सरकणारा ग्रँडमास्टर. असे रील तुम्हीही पाहिले असतील. या प्रकाराला 'सायमल्टेनियस' किंवा थोडक्यात 'सायमल' म्हणतात. समोर बहुतेक हौशी खेळाडू असतात, त्यामुळे मास्टर जिंकला तरी ते डाव सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पण अशाच एका प्रदर्शनातला १८ खेळ्यांचा एक डाव शंभर वर्षांनंतरही शिकवला जातो.

साल १९१६, पहिलं महायुद्ध सुरू होतं. रशियाचा अलेक्झांडर अलेखाइन रेडक्रॉसच्या पथकात काम करत होता. जखमी होऊन तो टार्नोपोलच्या रुग्णालयात दाखल झाला. हे शहर आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे आणि त्याला तेर्नोपिल म्हणतात. तिथे अलेखाइन एकाच वेळी अनेकांशी खेळला, आणि तेही पट न बघता. प्रतिस्पर्ध्याची खेळी त्याला सांगितली जायची, तो तोंडी उत्तर द्यायचा. सगळे पट डोक्यात. त्यातल्या एका पटावर काळी मोहरी घेऊन फेल्ट बसला होता.

एका घोड्याच्या सहा खेळ्या

पाचव्या खेळीला फेल्टने एफ ओळीतलं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. घोडा हुसकावला गेला खरा, पण ई६ वरच्या प्याद्याचा आधार गेला आणि ई५ हे घर पांढऱ्याला जणू आंदण मिळालं. सुरुवातीला एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नये, असं प्रत्येक नवशिक्याला सांगतात. अलेखाइनचा घोडा मात्र सी३, ई४, जी५, एफ३ असा फिरत ई५ वर येऊन बसला.

पंधराव्या खेळीला तोच घोडा एफ७ वर गेला, थेट काळ्या राजाच्या तोंडात. तिथून त्याने वजिरावर नेम धरला होता, म्हणून राजाने त्याला मारलं. पण घोडा हलल्यामुळे ई ओळ मोकळी झाली होती. पुढच्याच खेळीला अलेखाइनचा वजीर त्या ओळीने वर गेला, ई६ वरचं प्यादं मारलं आणि राजाला शह देत अगदी त्याच्या शेजारी उभा राहिला. पाठीशी कुणी नाही. (इंग्रजीत याला राणीचा बळी म्हणतात. आपल्याकडे राणी नाही, वजीर आहे.)

वजीर मारला असता तर? मग दुसरा घोडा जी५ वर येऊन मात करतो. डी७, ई७, एफ६, एफ५ या घरांत काळ्याचीच मोहरी दाटीवाटीने उभी आहेत. डी६ आणि ई५ वर पांढऱ्या उंटाचा मारा, डी५ वर प्याद्याचा, आणि एफ७ वर मात करणाऱ्या घोड्याचाच. राजा आपल्याच माणसांत कोंडला जातो.

फेल्टने हे ओळखलं आणि राजा जी६ वर पळवला. अलेखाइनने जी ओळीतलं प्यादं दोन घरं पुढे टाकून राजाची एच५ ची वाट बंद केली. फेल्टचा उंट ई४ वर आला, पण उशीर झाला होता. अठराव्या खेळीला घोडा एच४ वर आला आणि मात झाली. अख्ख्या डावात या दुसऱ्या घोड्याने केवळ दोनदा चाल केली.

१९२७ मध्ये अलेखाइन कापाब्लांकाला हरवून विश्वविजेता झाला. १९३३ मध्ये शिकागोत त्याने पट न बघता एकाच वेळी ३२ जणांशी सामना केला: १९ विजय, ९ बरोबरी, ४ पराभव. तरी निवडक डावांचं पुस्तक काढताना फेल्टविरुद्धचा हा डाव त्याने वगळला नाही.

फेल्टचं नेमकं काय चुकलं?

त्याला हसायचं कारण नाही. चौदाव्या खेळीला त्याने सी प्यादं पुढे टाकलं. फ्रेंच बचावात काळा ही खेळी नेहमीच करतो, ती दिसायलाही चांगली दिसते. फक्त त्या क्षणी तिला वेळ नव्हता. डी७ वरचा घोडा एफ८ वर घेतला असता तर ई६ च्या प्याद्याला राखण मिळाली असती आणि वजिराचा तो बळी जमलाच नसता. देवणीत बसूनही मोबाईलवरच्या चेस ॲपमध्ये हे मांडून बघता येईल: आधी घोडा एफ८ वर ठेवा, मग पांढऱ्याकडून वजीर ई६ वर द्या.