लक्ष्मणझुल्याची हकीकत

बद्री-केदारची यात्रा करून आलेल्या भगिनींच्या तोंडी लक्ष्मणझुल्याचे नाव हमखास असते. हृषीकेश गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर, डोंगरांच्या मध्ये, गंगा ओलांडण्याची ही फार जुनी जागा. लक्ष्मणाने येथे तागाच्या दोरांवरून गंगा ओलांडली अशी श्रद्धा आहे; त्यावरून हे नाव पडले.

मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा पायी यात्रेकरू येथेच पलीकडे जात आणि गंगेच्या डाव्या काठाने देवप्रयागची वाट धरीत. १८८९ पूर्वी येथे दोरांचाच पूल होता. माणसाला शिंक्यात बसवून दोराने पलीकडे ओढून घेत. ज्या शिंक्यात आपल्या आज्या दूधदही ठेवीत, तसल्या शिंक्यात जिवंत माणूस, आणि खाली गंगेचा लोट! घरादाराचा निरोप घेऊन लोक यात्रेला का निघत, ते यावरून कळते.

पुढे स्वामी विशुद्धानंदांच्या प्रेरणेने शेठ सूरजमल झुनझुनवाला यांनी १८८९ मध्ये लोखंडी तारांचा पूल बांधविला. तो १९२४ च्या महापुरात वाहून गेला. मग सरकारने १९२७ ते १९२९ या काळात नवा झुलता पूल उभारला व ११ एप्रिल १९३० रोजी तो खुला झाला. लांबी ४५० फूट, रुंदी अवघी ६ फूट. त्यावरून लाखो यात्रेकरू गेले, गाई गेल्या, पुढे स्कूटरीही गेल्या.

एवढा भार वाहून पूल थकला. तज्ज्ञांनी तो धोक्याचा ठरविल्यावर जुलै २०१९ मध्ये सरकारने तो बंद केला. लोकांना खालच्या अंगाच्या रामझुल्याचा वळसा पडला खरा, पण कोणाचा जीव गेला नाही.

गुजरातेत मोरबीचा १८७९ चा झुलता पूल मात्र दुरुस्तीनंतर नीट तपासणी न होताच खुला झाला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तो तुटला आणि १३५ माणसे गेली. आपल्या मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला, चौघे दगावले.

शिंक्याची दोरी कुजली तर आपण त्यात दुधाचे भांडे ठेवीत नाही. मग मुलाबाळांचा हात धरून जुन्या पुलावर पाऊल टाकण्यापूर्वी तेथली पाटी वाचावी, गर्दी असेल तर थांबावे, आणि वळसा पडला तर पडू द्यावा. गंगामाई पलीकडच्या काठावरही तीच आहे.