शिवणयंत्राची निवड आणि गिरणगावातील घर : प्रभादेवी परिसराच्या संदर्भात

मुंबईतील कापडगिरण्यांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. भांडवल, कामगार चळवळ, संप, टाळेबंदी या सर्व अंगांनी त्याची चिकित्सा झालेली आहे. गिरणीतून बाहेर पडलेल्या कापडाचे गिरणी कामगाराच्याच घरात पुढे काय होत होते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. बेतणे, टीप घालणे, ठिगळ लावणे ही कामे चाळीतील खोलीत, बहुधा स्त्रीच्या हातून होत. आणि त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नसे. स्टँडर्ड, सेंच्युरी, एल्फिन्स्टन, ज्युपिटर या गिरण्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या प्रभादेवीसारख्या वस्तीत घरापुरते लहान शिवणयंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ खरेदीचा राहत नाही. त्याच्या उत्तरात घराचे अर्थकारण दडलेले असते.

आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे पेटंट १८५१ मध्ये घेतले. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने पुढील काही वर्षांतच हप्त्यांची पद्धत सुरू केली. यंत्राइतकेच महत्त्व या पद्धतीला द्यावे लागते, कारण एकरकमी किंमत मोजू न शकणारे कुटुंब त्यामुळे ग्राहक बनले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचे हिंदुस्थानातील काम नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होते. त्यांच्यापुढील अडचण उघड होती. धोतर, उपरणे आणि नऊवारी लुगडे यांना शिलाईची गरजच नव्हती. उरली ती चोळी, आणि तीही हाताने शिवली जाई. यंत्राचा पहिला मोठा ग्राहक त्यामुळे गृहिणी नव्हे, तर शिंपी ठरला. पाचवारी साडीबरोबर परकर आणि पोलके आले, मुले शाळेत जाऊ लागली, सदरा-चड्डी रोजची झाली. तेव्हा कुठे घरगुती यंत्राला काम मिळाले.

महात्मा गांधींनी १९२४ मध्ये रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात यंत्रविरोधाला सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे सर्वश्रुत आहे. पत्नीचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते यंत्र जन्मले, अशी त्यांची धारणा होती. सिंगरचे खासगी चरित्र पाहता ही धारणा फारच उदार म्हणावी लागेल. अशी यंत्रे बनवायला कारखाना लागेलच, हा प्रतिप्रश्न मात्र त्यांनी टाळला नाही.

यंत्राची निवड

खरेदीदारापुढे मुख्यतः दोन पर्याय असत : हातमशीन आणि पायमशीन. हातमशीन लाकडी पेटीत बसे, काम संपल्यावर खाटेखाली किंवा माळ्यावर जाई. सिंगरने पूर्ण आकाराच्या यंत्रांबरोबरच २८ आणि ९९ क्रमांकांची पाऊण आकाराची यंत्रेही बाजारात आणली होती. तथापि ‘लहान’ हा शब्द येथे जपून घ्यावयास हवा. ओतीव लोखंडाचे हे धूडही दहा किलोंहून अधिक भरे. त्याचा खरा दोष वजनाचा नव्हता. उजवा हात दांडा फिरवण्यात गुंतल्याने कापड सांभाळायला एकटा डावा हात उरे. उशीचा अभ्रा, परकराची सरळ टीप, गोधडीच्या पट्ट्या जोडणे इतपत काम निभे. गोल गळा किंवा बाही जोडताना मात्र हात अपुरा पडे.

पायमशीनमध्ये दोन्ही हात मोकळे राहत आणि वेगही वाढे. त्याची किंमत जमिनीत मोजावी लागे. वरळी आणि नायगाव येथील १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींची खोली सुमारे १६० चौरस फुटांची. पायमशीनचे टेबल साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद. शिवणारीला बसण्याची जागा धरली तर नऊ-दहा चौरस फूट. म्हणजे खोलीचा सोळावा हिस्सा. त्याच खोलीत स्वयंपाक, बाळंतपण, अभ्यास आणि पाळीवरून आलेल्या पुरुषाची दिवसाची झोप. अनेक घरांत गावाकडचे पोटभाडेकरूही. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला असताना पायट्याची खडखड चालणार कशी? शिलाईची वेळ गिरणीच्या भोंग्याने ठरे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

या पेचातून एक मार्ग यंत्राच्या रचनेनेच दिला होता. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये १९३५ पासून ‘उषा’ यंत्र तयार होऊ लागले. १९३८ मध्ये लाला श्रीराम यांनी ही कंपनी हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर घरोघर पोहोचलेली काळी देशी यंत्रे बहुतांशी सिंगरच्या १५ क्रमांकाच्या धर्तीची होती. तिचे डोके एकच : हाताचा दांडा जोडला की हातमशीन, पायाच्या स्टँडवर बसवून चामडी पट्टा चढवला की पायमशीन. गोल बॉबिन आणि सुई सर्वत्र मिळे. जुन्या होडीच्या आकाराच्या शटलसारखी शोधाशोध करावी लागत नसे. आज हातमशीन आणि पुढे जमले तर स्टँड, असा टप्प्याटप्प्याचा विचार त्यामुळे शक्य झाला.

बचत की मिळकत

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास होते. रात्रपाळीवरील बंदी आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांतील यांत्रिकीकरण यांमुळे ते पुढे झपाट्याने घसरले. गिरणीचे दार बंद झालेल्या स्त्रीसाठी शिवण हे शिकण्याजोगे, अब्रूचे काम मानले गेले. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने आपल्या केंद्रांतून शिवणवर्ग चालवले. त्याचे मुख्यालय एल्फिन्स्टन रोड, म्हणजे २०१८ पासूनच्या प्रभादेवी स्थानकाजवळच आहे. परंतु वर्गात शिकणे वेगळे आणि घरी यंत्र असणे वेगळे. मुलांचे झबले घरी शिवून शिंप्याचे पैसे वाचवणे याला हातमशीन पुरेसे होते. डझनावारी काम घेऊन पैसे मिळवायचे तर नव्हते.

हा फरक १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ऐरणीवर आला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि घरबसल्या मिळेल ते काम घेणे गिरणगावातील असंख्य स्त्रियांना भाग पडले. बचतीसाठी घेतलेल्या यंत्राकडून आता मिळकतीची अपेक्षा होती. स्टँड घेण्याची वेळ नेमकी तेव्हा आली, जेव्हा हप्ता भरायला पगार नव्हता.

दांडा ज्या जागी बसे, त्याच जागी विजेची छोटी मोटरही बसवता येते. उजवा हात मोकळा आणि सोळावा हिस्सा जमीनही मोकळी, असा दोन्ही अडचणींवरचा तोडगा त्यात होता. मात्र ती मोटर आवाक्यात येईपर्यंत तयार कपडे इतके स्वस्त झाले होते, की घरी शिवलेल्या सदऱ्यामागे वाचण्यासारखे फारसे काही उरले नव्हते.